दारावरची गाठोडी

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या दारावरची बेल वाजायला लागते. फराळाचे डबे यायला अजून वेळ असतो. आधी येतात ती गाठोडी. जुन्या चादरीत बांधलेली, साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत कोंबलेली, एकदा तर युरियाच्या पोत्यात. आणणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर इतकं समाधान असतं की तिच्या तोंडावर दार लावायचीही सोय नाही.

"सिस्टर, हे ठेवून घ्या. तुमच्याकडच्या लोकांना द्या. दिवाळीत जालच न तुम्ही गावाले?"

मी सिस्टर, म्हणजे नर्स. अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात अठरा वर्षं झाली. आणि 'तुमच्याकडचे लोक' म्हणजे कोरकू. माझं माहेर मेळघाटात, धारणीच्याही पलीकडे. परतवाडा सोडून गाडी घाट चढायला लागली की अमरावतीच्या माणसाला दोनच गोष्टी दिसतात, एक वाघ आणि दुसरं उपाशी लेकरू. तिसरं काही तिकडे राहतच नाही, असा त्याचा पक्का समज आहे.

पहिल्या वर्षी मी गाठोडं घेतलं, थँक्यू म्हटलं आणि आत जाऊन सोडलं. हुक तुटलेले तीन ब्लाऊज. गुडघ्यावर फाटलेली शाळेची पँट. कसर लागलेला स्वेटर, नाडी नसलेला परकर आणि अगदी तळाशी कुणाची तरी पिवळी पडलेली बनियन. धुतलेली होती, एवढंच. मी वॉर्डात रक्त, पू, उलटी सगळं हातानं साफ करते, मला किळस येत नाही. त्या बनियनची आली. ही कुणी घालावी म्हणून पाठवली होती? माझ्या भावानं? तो धारणीच्या बाजारातून स्वतः पारखून शर्ट आणतो आणि कॉलर जरा घासली की अंगाला लावत नाही.

हे गाठोडं समोरच्या काकूंचं होतं. काकू म्हणजे निवृत्त मास्तरीणबाई, आमच्या समोरच्या बंगल्यात मुलगा, सून आणि नातीसोबत राहतात. बाई वाईट नाहीत. माझ्या लेकीला डेंग्यू झाला तेव्हा माझी ड्युटी संपेपर्यंत तिच्या उशाशी बसल्या होत्या, पपईच्या पानाचा रस करून आणला होता. त्याचाच तर सगळा त्रास आहे. वाईट बाई असती तर मी केव्हाच चार शब्द सुनावून मोकळी झाले असते.

दोन वर्षं मी गाठोडी घेतली. तिसऱ्या वर्षी मात्र डोकं फिरलं. काकू दारात उभ्या, हातात गाठोडं, मागं नात. मी म्हटलं, "काकू, राग मानू नका, पण आमच्याकडचे लोक कपडे विकत घेतात."

बस. एवढंच. आवाजही चढवला नव्हता. काकूंचा चेहरा पडला, गाठोडं तसंच कवटाळून त्या परत गेल्या. दहा मिनिटांत त्यांची सून हजर. "सिस्टर, आईंना चक्कर आली. बीपी वाढलं असेल. अहो, किती प्रेमानं त्यांनी स्वतः धुऊन घड्या घातल्या होत्या! त्यांच्या मनात काही नव्हतं. तुम्ही असं बोलायला नको होतं."

संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं की सिस्टर भल्ली तोऱ्यात असते. दोन दिवसांनी मी अनारशांचा डबा घेऊन काकूंकडे गेले आणि माफी मागितली. हो, मीच. वर बीपीचं मशीनही नेलं होतं. एकशे तीसवर ऐंशी, अगदी ठणठणीत. काकू माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "जाऊ दे ग, मी विसरले." त्या विसरल्या! माझं बीपी कुणी मोजलं नाही. पुढच्या वर्षी गाठोडं पुन्हा आलं आणि मी मुकाट्यानं घेतलं.

माझा नवरा एसटीत ड्रायव्हर आहे, अमरावती-अकोला फेरी करतो. तोही कोरकूच, पण त्याचा स्वभाव थंड. तो त्या गाठोड्यातला एकेक कपडा काढायचा आणि मोटारसायकल पुसायचा. "जाऊ दे न वं," म्हणायचा. "त्यायच्या मनात काही नसते. तू कायले जीव जाळून घेतं?"

मनात काही नसते! हे वाक्य ऐकलं की माझ्या टाळूला आग लागते. मन रिकामं आहे तर ते घरी ठेवून या ना, लोकांच्या दारात कशाला आणता? आमच्या वॉर्डात एका पेशंटचं इंजेक्शन दुसऱ्याला टोचलं आणि मी म्हटलं की माझ्या मनात काही नव्हतं, तर चालेल काय? मेमो हातात पडतो. डॉक्टर आधी पेशंटकडे धावतात, सिस्टरचे डोळे पुसत बसत नाहीत. बाहेरच्या जगात उलटं आहे. टोचणाऱ्याला चक्कर येते आणि ज्याला टोचलं त्यानं अनारसे घेऊन जायचं.

हे सगळं अमरावतीत सुरू झालं असंही नाही. नर्सिंगचं शिकायला मी अकोल्याला होते, तिथं होस्टेलवर राहायची. वॉर्डन बाई मला दोनदा वाढायच्या आणि सगळ्यांसमोर म्हणायच्या, "खाय पोटभर, तुमच्याकडे मिळत नसेल." आमच्या घरी तेव्हा चार म्हशी होत्या. त्या होस्टेलचं वरण इतकं पातळ असायचं की ते पाहून आमच्या गावच्या पोरांनी ताट सरकवून दिलं असतं. पण मी खायची. का खायची कोण जाणे.

गॅदरिंगला माझ्या खोलीतल्या मैत्रिणींनी ठरवलं की हिनं आदिवासी नाच करायचा. मला नाचता येत नाही, आजही येत नाही. मी सांगितलं की आमच्याकडे बाया साडी नेसतात. त्या हसल्या, म्हणाल्या, "अगं, स्टेजवर थोडं दिसायला पाहिजे न!" होस्टेलच्या कंपाउंडमधल्या अशोकाची पानं तोडली, सुतळीत ओवली आणि माझ्या कमरेला बांधली. आमच्या डोंगरात साग आहे, मोहा आहे, तेंदू आहे. अशोक मी पहिल्यांदा अकोल्यातच पाहिला. टाळ्या मात्र खूप पडल्या. नाचून उतरल्यावर मैत्रिणीनं मला मिठी मारली आणि म्हणाली, "पाहिलं? तुझ्यामुळे आपल्या ग्रुपचा पहिला नंबर आला." तिच्याही मनात काही नव्हतं. पानांच्या देठांनी माझी कंबर सोलून निघाली होती, रात्री मी कमरेला मलम लावत बसले.

आता माझ्या मायबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट तिचीच आहे.

माय गावात भावाजवळ राहते. वर्षातून दोनदा अमरावतीला येते, पंधरा दिवस राहते आणि कंटाळून परत जाते. कपाळावर, गालावर, हातावर गोंदण. साडी घोट्याच्या वर. आमच्या घरात कोरकू बोलायचं ते माय आली की. माझी लेक, आता अकरा वर्षांची, आजीजवळच झोपते आणि आजीजवळच जेवते. दोघी माझी नक्कल करून खिदळतात. मी नोकरी केली, घर बांधलं, पोरीला चांगल्या शाळेत घातलं, ते सगळं एका बाजूला. मला खरं वाचवायचं होतं ते एवढंच, की माझ्या लेकीनं आजीचा हात धरताना आजूबाजूला पाहू नये. मी आयुष्यभर आजूबाजूला पाहत आले. तिनं पाहू नये.

मागच्या वर्षी माय आली होती. सकाळी गॅलरीत बसून लसूण सोलत होती. काकूंनी तिला आधीही येता-जाता पाहिलं असेल, तरी समोरून हाक मारली, "सिस्टर, बाई ठेवली का कामाले? कुठून मिळाली हो? आम्हालाही सांगा न एक, विश्वासाची."

"माझी आई आहे," मी म्हटलं.

"अय्या! हो का? सॉरी हं, माझ्या मनात तसं काही नव्हतं." आणि लगेच घरात जाऊन वाटीभर खीर घेऊन आल्या. मायनं सोबत आणलेली सीताफळं मी त्यांना दिली. काकूंनी तिथंच उभ्याउभ्या एक फोडून खाल्लं, मायच्या पाठीवरून हात फिरवला, "किती गोड आहेत, आजी!" म्हणाल्या. माय हसली. माझी लेक सायकल धरून फाटकाजवळ उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मला वाटलं, पोर आहे, विसरेल.

त्याच रात्री जेवताना मी तिला म्हटलं, "शाळेत कोणी विचारलं तुम्ही कुठले, तर अमरावतीचे म्हणून सांग. गावाचं नाव घ्यायची काही गरज नाही." का सांगितलं? तिच्या बाकावर उद्या कुणी गाठोडं ठेवू नये म्हणून. कमरेला कुणी पानं बांधू नयेत म्हणून. दुसरं काय कारण असणार?

या वर्षी जुलैत माय पुन्हा आली. एक दिवस दोघी दुकानात निघाल्या. लेकीनं आजीचा पदर ओढून तिच्या कपाळावर घेतला, चांगला भुवयांपर्यंत. "आजीले ऊन लागते," म्हणाली. मला किती कौतुक वाटलं! नवऱ्याला सांगितलंसुद्धा, पाहा, पोर किती काळजी घेते. बाहेर चार दिवसांची झड लागलेली होती. ऊन कुठलं? पण मी ते पाहिलंच नाही. मला पाहायचं नव्हतं, असंच म्हटलं पाहिजे.

दिवाळीच्या आधी शाळेतून चिठ्ठी आली. सहावीची मुलं मेळघाटातल्या एका गावी जाणार, तिथल्या लोकांसोबत दिवाळी साजरी करणार. वापरण्याजोगे जुने कपडे आणि फराळ सोबत आणावा. खाली गावाचं नाव. मी दोनदा वाचलं. माझंच गाव.

अशा गाड्या आमच्या गावात दर दिवाळीला येतात. अमरावतीहून येतात, अकोल्याहून येतात, कधी आणखी लांबून. टेबल मांडतात, बॅनर बांधतात, रांग लावतात, फोटो काढतात. माय त्या दिवशी शेतात निघून जाते. आजवर एकदाही ती रांगेत उभी राहिलेली नाही. "घरी लुगडं नसन तर ते येगळं," म्हणते. "मले हाय न." माय माझ्याशी कोरकूतच बोलते. तिचं बोलणं मी इथं वऱ्हाडीत लिहिते, मला ते तसंच ऐकू येतं.

लेक माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. "आई, जाऊ न मी? आजी भेटन."

"जा," मी म्हटलं.

"मॅडमले सांगू का, की ते माझ्या आजीचं गाव आहे?"

तिनं विचारलं होतं. हे मला आता कुणापुढेही नाकारता यायचं नाही. पोरीनं मला तोंडावर विचारलं होतं आणि तिला सांगायचं होतं, म्हणूनच विचारलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र मॅडम आल्या. माईक हातात घेऊन, "आपल्याच वर्गातली एक आदिवासी मुलगी," असं म्हणत माझ्या लेकीला पुढं ओढताना. मग सगळ्या वर्गाच्या टाळ्या. मग प्रत्येक दिवाळीला तिच्या नावाचं वेगळं गाठोडं.

"काही गरज नाही," मी म्हटलं. "गुपचूप आजीले भेटजो, साडी देजो अन् ये."

साडी मी मुद्दाम बाजारात जाऊन घेतली. जांभळी, पिवळ्या काठाची. मायला जांभळा रंग आवडतो. पिशवीत घालून वरून गाठ मारली, लेकीच्या हातात दिली. भावाला फोन करून सांगितलं की पोरगी शाळेसोबत येऊन राहिली, मायले सांग, शेतात जाऊ नको म्हणा.

त्या दिवशी माझी सकाळची ड्युटी होती. दुपारी निघायच्या वेळेला वर्गाच्या ग्रुपवर फोटो यायला लागले. बस, घाट, माकडं, बॅनर. आणि मग तो फोटो. टेबलाच्या अलीकडे माझी लेक, पलीकडे माझी माय. मधे दोघींच्या हातात ती जांभळी साडी. माय हसते आहे. लेक कॅमेऱ्याकडे पाहते आहे. खाली मॅडमनी लिहिलं होतं, "चिमुकल्या हातांची माया, गरीब आजीच्या चेहऱ्यावर हसू." त्याखाली जोडलेले हात, फुलं, बदाम. कुणाच्या तरी पप्पांनी लिहिलं, "संस्कार यालाच म्हणतात."

मी औषधाच्या कपाटाला धरून उभी राहिले. कुणीतरी विचारलं, "सिस्टर, बरं नाही वाटत का?" मी त्यांच्यावर खेकसले.

घरी पोचले तर काकू फाटकाशीच उभ्या. त्यांची नात लेकीच्याच वर्गात. त्यांनी मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. "सिस्टर, तुमची लेक तर आज हिरोईन झाली! अन् त्या म्हातारीचा आनंद पाहा हो. बिचारीनं जन्मात नवी साडी पाहिली नसेल!"

मी काकूंकडे पाहत राहिले. याच बाईनं माझ्या मायच्या पाठीवरून हात फिरवला होता. तिनं आणलेली सीताफळं गोड म्हणून खाल्ली होती. आणि आता तिचाच फोटो दोन बोटांनी मोठा करून मला दाखवत होती, आणि हिला ओळखू येत नव्हतं. चेहरा दिसतच नव्हता, नुसतं गोंदण दिसत होतं. मी काय बोलणार होते? "ती माझी आई आहे"? मग पुन्हा अय्या, पुन्हा सॉरी, पुन्हा खीर. मी फाटक आपटून आत गेले. संध्याकाळी कॉलनीत काय चर्चा झाली असेल ती झाली असेल, माझ्या चपलेला पर्वा नाही.

दिवे लागायच्या वेळेला शाळेची बस आली. लेक घरात आली, दप्तर ठेवलं, पाणी प्यायली. मी मोबाईल तिच्यासमोर टाकला.

"हे काय आहे?"

तिनं मोबाईल उलटा करून ठेवला.

"आजीले ओळख देल्ली नाही तू? भिकाऱ्याले द्यावी तशी साडी देल्ली?" आणि मी तिला मारलं. खोटं कशाला सांगू? चांगली सणसणीत कानाखाली मारली. जन्मात पहिल्यांदा.

ती रडली नाही. गाल धरून म्हणाली, "तूच म्हटलं होतं, गुपचूप."

"गुपचूप म्हणजे बाजूला नेऊन! रांगेत नाही!"

"बाजूला कसं नेऊ? मॅडमनी सगळ्यांच्या पिशव्या टेबलावर ठेवायला लावल्या. आपली पण. नवीन साडी पाहून मॅडम म्हणाल्या, ही पहिल्या नंबरच्या बाईले देऊ, फोटो चांगला येईल. मी देऊ देल्ली नाही. मांडीवर घेऊन बसली. मॅडम रागावल्या तरी नाही सोडली. आजी सतराव्या नंबरवर होती, मी मोजत होती." इथं तिचा आवाज फुटला. "मी आजी म्हणणार होती, आई. खरंच म्हणणार होती. पण आजीच मले म्हणाली, 'सुखी राहा, पोरी.' मराठीत म्हणाली. माझ्याशी मराठीत बोलली आजी."

मग ती जी रडायला लागली ती थांबेचना. नवरा अकोल्याहून आला होता, दारात बूट काढता काढता तसाच उभा राहिला. तिला त्यानं उचलून घेतलं, एवढ्या मोठ्या पोरीला, आणि माझ्याकडे पाहिलं. जाऊ दे न वं, असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

मी भावाला फोन लावला. रेंज जात-येत होती. त्यानं फोन मायकडे दिला.

मायनं पहिलं विचारलं, "पोरगी पोचली काय? जेवली काय?"

"माय, तू रांगेत काहून उभी राहिली?" मी जवळजवळ ओरडलेच. "तू? जन्मात कधी उभी राहिली नाही अन् आज काहून?"

माय सावकाश सांगू लागली. "मी त सकाळपासून सीताफळाची टोपली घेऊन मोहाच्या झाडाखाली बसली होती. गाडी आली. पोरगी उतरली, मले पाह्यलं. हसली. मंग इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, अन् मान खाली घातली. म्या म्हटलं, पोरगी भेली वाटते. टोपली तिथंच ठेवली. आता तिच्याजवळ जायचं त कसं जायचं? रांग होती न. रांगेतून सगळेच जात होते तिच्यापाशी. मंग मीबी गेली. तिचा हात लागला मले. बरं वाटलं."

माझ्या लेकीनं आजूबाजूला पाहिलं होतं.

"सीताफळं राहून गेली," माय म्हणाली. "पाठवतो कोनासोबत." मग म्हणाली, "एक पुसू काय तुले? ते साडी. मी नेसली नाही अजून. दारामागच्या खुंटीले टांगली हाय. ते तुही हाय का त्यायची?"

"म्हणजे?"

"त्वा पाठवली काय, का त्या गाडीवाल्यायनं देल्ली? तुही असन त दिवाळीले नेसतो. त्यायची असन त कोनाले तरी देऊन टाकतो. पोरीच्या हातून आली म्हणून ठेवली मी."

"माही हाय, माय. मी घेतली. तुयासाठी दुकानात जाऊन घेतली."

"तुही हाय?" मायला खरंच कळत नव्हतं. रागानं नव्हतं विचारलं तिनं, रागानं विचारलं असतं तर मीही रागावले असते. "तुही हाय, त मंग रांगेतून काहून आली?"

तिला काय सांगू? की मी पोरीला तुझं नाव घेऊ दिलं नाही? की ते तिच्या भल्यासाठी केलं? की तुला लपवावं असं मला कधीच वाटलं नव्हतं, फक्त तिला वाचवावं असं वाटलं होतं? मी बोलायला सुरुवात केली, "माय, अवं, माझ्या मनात..." आणि पुढचे शब्द जिभेवर आले ते मला आधीच पाठ होते. काकूंच्या सुनेनं म्हटलेले, काकूंनी, नवऱ्यानं, सगळ्यांनी म्हटलेले. मी ओठ मिटून घेतले. आतल्या खोलीत लेक अजून हुंदके देत होती.

"हॅलो," तिकडून माय म्हणाली. "आवाज नाही येऊन राहिला. काय म्हन्लं त्वा? काय हाय तुया मनात?"